लोचेन खिंड: एका दिवसाची चाल आणि डोंगराला धरून ठेवणारा बर्फ

भारतातून स्वित्झर्लंडला येणारे आपले पाहुणे बहुधा टिटलिस किंवा युंगफ्राउयोखला जातात, रोपवेने किंवा रेल्वेने वर पोचतात, बर्फात फोटो काढतात आणि संध्याकाळी हॉटेलवर परततात. त्यात वाईट काही नाही. पण ज्यांचे गुडघे शाबूत आहेत आणि हाताशी अख्खा एक दिवस आहे, त्यांना मी लोचेन खिंडीची चाल सुचवते. कांडरश्टेग गावाच्या मागच्या दरीतून सुरुवात करायची, सुमारे २,६९० मीटर उंचीची खिंड ओलांडायची आणि पलीकडच्या लोचेनटाल या दरीत उतरायचं. जर्मनमध्ये 'टाल' म्हणजे दरी.

ही वाट स्वित्झर्लंडमधली सगळ्यात देखणी आहे असा माझा दावा नाही. तरी एका गोष्टीसाठी ती मला फार मोलाची वाटते. आल्प्समध्ये बर्फ काय काय करतो, हे या एका दिवसात तीन ठिकाणी समजतं. दरीच्या तळाशी तो पूर्वी काय करून गेला ते कळतं, खिंडीत त्याने काय जपून ठेवलं ते कळतं, आणि पलीकडच्या दरीत तो सैल झाला की काय होतं ते डोळ्यांनी दिसतं. त्या दरीतलं ब्लाटेन हे गाव २८ मे २०२५ रोजी गाडलं गेलं. जवळपास तीनशे माणसं मात्र वाचली होती, कारण नऊ दिवस आधी गाव रिकामं केलं होतं. हे कसं जमलं, ते समजून घेण्यासाठी ही वाट क्रमाने चालू या.

वाट किती कठीण?

कांडरश्टेग सुमारे १,१७५ मीटरवर आहे. तिथून छोटी बस अरुंद घळईतल्या रस्त्याने गास्टर्नटालमधल्या सेल्डेन या वस्तीपर्यंत जाते. सेल्डेनची उंची १,५०० मीटरहून थोडी जास्त, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा शंभरेक मीटर खाली. जिथे महाराष्ट्राची उंची संपत आली, तिथून इथली चढण सुरू होते. सेल्डेनपासून खिंडीपर्यंत साधारण १,१५० मीटर चढायचं. नंतर लाउखर्नआल्पच्या रोपवे स्थानकापर्यंत सुमारे ७०० मीटर उतरायचं, किंवा हौस असेल तर थेट दरीतल्या फेर्डेन गावापर्यंत १,३०० मीटर.

स्विस वाटांवरच्या पिवळ्या पाट्यांवर किलोमीटर लिहिलेले नसतात, वेळ लिहिलेली असते. सपाटीवर ताशी ४.२ किलोमीटर हा वेग धरून, त्यात चढ-उताराचा हिशेब मिसळून ती वेळ काढलेली असते. जेवण, फोटो, धापा टाकत थांबणं यांतलं काहीच त्यात धरलेलं नसतं. म्हणून पाटीवर सहा तास असतील तर आपण आठ धरून निघावं.

चढायला किती ताकद लागते, याचा हिशेब सोपा आहे. माणूस ७० किलोचा आणि पाठीवर ८ किलो. एकूण ७८ किलो १,१५० मीटर वर न्यायला सुमारे ८८० किलोज्यूल, म्हणजे २१० किलोकॅलरी लागतात. स्नायू मात्र खर्च केलेल्या ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच कामात आणतात, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणजे निव्वळ वर चढण्यासाठी ८०० किलोकॅलरींच्या पुढे खर्च होतो. आडवं चालणं आणि नुसतं जगणं यांचा खर्च वेगळाच. शिवाय खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७२ टक्केच असतो, त्यामुळे शेवटच्या तासाला छाती जास्त भरून येते.

खरी वसुली उतरताना होते. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावत असतात. त्यात स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऑफिसचा जिना उतरताना ती जाणवते. हातात दोन काठ्या असल्या तर हे पुष्कळ सुसह्य होतं.

गास्टर्नटाल: पायाखालची न दिसणारी दरी

सेल्डेनकडे जाताना बसमधून जे दिसतं ते फसवं असतं. दोन्ही बाजूंना शेकडो मीटर उंच सरळ कडे आणि मधे एकदम सपाट तळ. कांडर नदी त्या तळावर गोट्यांमधून पसरट वाहते. हा तळ खडकाचा असावा असं पाहणाऱ्याला वाटतं. वास्तविक तो गाळाने भरलेला एक खोल हौद आहे.

नदी आपली दरी खोदते तेव्हा तिला एक मर्यादा असते: पाणी फक्त उताराकडे वाहतं, त्यामुळे वाटेत पुढच्या तळापेक्षा खोल खड्डा नदीला सहसा खोदता येत नाही. हिमनदीला ही मर्यादा नाही. शेकडो मीटर जाडीचा बर्फ स्वतःच्या वजनाने ढकलला जातो आणि तळाशी थोडा चढ असला तरी तो पार करून पुढे सरकतो. तळाशी अडकलेले दगड खडकाला कानशीसारखे घासत जातात. अशाने दरीच्या मधोमध खोलगट कुंड तयार होतं. हिमयुग ओसरल्यावर त्यात पाणी साचतं, मग नद्या रेती आणि गोटे आणून ते भरून टाकतात. वरून दिसते ती सपाट, हिरवी दरी. खालचा खडक किती खोल आहे, हे वरून पाहून कळत नाही.

हे न कळण्याची किंमत १९०८ साली मोजावी लागली. बर्न आणि वाले या दोन प्रांतांना जोडणारा लोचबर्ग रेल्वे बोगदा तेव्हा खणला जात होता. ठरलेला मार्ग सरळ होता आणि तो गास्टर्नटालच्या बरोबर खालून, तळापासून सुमारे १८० मीटर खोलीवरून जाणार होता. गाळाचा थर त्या खोलीपर्यंत पोचत नाही, वर भरपूर खडक आहे, असं गृहीत धरलं होतं. २४ जुलै १९०८च्या पहाटे सुरुंग उडवल्यावर पुढचा खडक फुटला आणि पाणी, रेती, गोटे यांचा लोंढा बोगद्यात घुसला. २५ कामगार मरण पावले. ते इटलीहून पोटासाठी आलेले होते. बोगद्याचा तो भाग जाड भिंत बांधून कायमचा बंद केला गेला. नवा मार्ग वळण घेऊन दरीच्या वरच्या अंगाने नेला, जिथे खडक भक्कम होता. त्यामुळे बोगद्याची लांबी वाढून १४.६ किलोमीटर झाली आणि १९१३ साली तो सुरू झाला.

संध्याकाळी याच बोगद्यातून गाडीने कांडरश्टेगला परतता येतं. दिवसभर जे अंतर तुम्ही चाललात, ते पंधरा मिनिटांच्या आत मागे पडतं. गाडी मधेच हलकेच वळते, पण अंधारात ते लक्षातही येत नाही. त्या वळणामागे हिमनदीने हजारो वर्षांपूर्वी खोदलेलं कुंड आहे.

खिंड: बर्फाने जपलेला काळ

सेल्डेनहून झुलत्या पुलावरून कांडर ओलांडली की चढ सुरू होतो. आधी जंगल, मग गवताळ कुरणं, मग नुसते दगड. खुणांचा रंग लाल-पांढरा होतो. स्वित्झर्लंडमध्ये याचा अर्थ डोंगरी वाट, म्हणजे पाय स्थिर हवेत आणि बूट चांगले हवेत. शेवटच्या टप्प्यात लोचेन हिमनदीचा एक तुकडा आडवा ओलांडावा लागतो. हिमनदी म्हटल्यावर निळसर, चकचकीत बर्फ डोळ्यांपुढे येतो. इथे उन्हाळ्यात दगडगोट्यांनी झाकलेला, मळकट राखाडी बर्फ असतो. वाट खुणांनी आखलेली असते आणि ती सोडायची नाही.

वाटेत जुन्या बांधकामाचे अवशेष दिसतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस बर्नने आपल्या बाजूने इथे माल वाहून नेता येईल असा रस्ता बांधला. पलीकडच्या वालेने मात्र आपल्या बाजूचा रस्ता काही पुरा केला नाही. बर्न प्रोटेस्टंट, वाले कॅथलिक, आणि शेजाऱ्याला घरापर्यंत रस्ता करून द्यायचा की नाही, हा प्रश्न तेव्हाही राजकीयच होता. त्याआधी १४१९ साली या दोन प्रांतांमधली एक लढाईही याच खिंडीत झाली होती. इतक्या उंचीवर, श्वास लागत असताना माणसं एकमेकांशी लढली, याचंच नवल वाटतं.

पण या खिंडीचा इतिहास त्याहून फार जुना आहे, आणि तो बर्फामुळे कळला. लोचेनटालमध्ये राहणारे चित्रकार आल्बर्ट नीफेलर यांना १९३० आणि १९४०च्या दशकांत खिंडीजवळ लाकडी धनुष्यांचे अवशेष सापडले. नंतर रेडिओकार्बन पद्धतीने त्यांचं वय काढलं, तेव्हा ती सुरुवातीच्या कांस्ययुगातली, म्हणजे सुमारे ४,००० वर्षांपूर्वीची निघाली.

इथे एक प्रश्न पडायला हवा. हिमनदी खडक दळते, मग तिच्यात लाकडाचं धनुष्य शाबूत कसं राहिलं? उत्तर असं की सगळा बर्फ वाहत नाही. खिंडीच्या सपाट खोलगट जागी, जिथे उतार नाही आणि थरही पातळ आहे, तिथला बर्फ जागच्या जागी पडून राहतो. वाहत्या हिमनदीत पडलेली वस्तू काही शतकांत चिरडून खाली वाहून जाते. साचलेल्या बर्फातली वस्तू फ्रीझरमध्ये ठेवल्यासारखी राहते.

लोचेन खिंडीच्या पश्चिमेला श्निडेयोख नावाची अशीच एक खिंड आहे, २,७५६ मीटर उंचीवर. २००३च्या कडक उन्हाळ्यात तिथे बर्फ मागे हटला आणि गिर्यारोहकांना भूर्जाच्या सालीची एक वस्तू सापडली. ती बाणांच्या भात्याचा भाग निघाली, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची. पुढच्या शोधात नवाश्मयुगापासून रोमन काळ आणि मध्ययुगापर्यंतच्या वस्तू मिळाल्या. सगळ्यात जुन्या वस्तू साडेसहा हजार वर्षांहून जुन्या आहेत.

या वस्तूंचं वय सलग नाही. काही काळातल्या पुष्कळ वस्तू मिळतात, काही काळातलं काहीच मिळत नाही. हवामान उबदार होतं आणि हिमनद्या आखडल्या होत्या तेव्हा खिंड उघडी होती, माणसं ये-जा करत होती. हिमनद्या वाढल्या की वाट बंद पडत असे. अशा रीतीने लोकांच्या हरवलेल्या वस्तूंवरून हिमनदीची जुनी लांबी-रुंदी मांडता येते.

त्यात चामड्याच्या वस्तू विशेष बोलक्या आहेत. चामडं उघड्यावर पडलं तर काही वर्षांत कुजतं. पाच हजार वर्षांपूर्वीचं चामडं टिकून आहे, याचा अर्थ ते मधल्या काळात बर्फाखालीच राहिलं असावं. म्हणजे त्या जागी २००३ सालइतका कमी बर्फ त्या पाच हजार वर्षांत बहुधा कधीच नव्हता. 'हिमनद्या पूर्वीही वितळत होत्या, त्यात नवीन काय' असं कुणी म्हटलं तर मी या चामड्याच्या तुकड्याचं उदाहरण देते. पूर्वीही वितळत होत्या हे खरं आहे, आणि आता त्या पूर्वीची हद्द ओलांडत आहेत हेही तितकंच खरं आहे.

डोंगरातलं सिमेंट

खिंडीत डबा खाताना बर्फ आजूबाजूला दिसतो. त्याहून महत्त्वाचा बर्फ खडकांच्या आत असतो. आल्प्समध्ये साधारण २,५०० मीटरच्या वर, विशेषतः उत्तरेकडच्या सावलीतल्या उतारांवर, जमीन आणि खडक वर्षभर गोठलेले असतात. यालाच पर्माफ्रॉस्ट म्हणतात. डोंगर वरून अखंड दिसला तरी आतून भेगांनी भरलेला असतो. त्या भेगांमधला बर्फ दोन्ही बाजूंचे खडक चिकटवून ठेवतो.

हे सिमेंट ढिलं व्हायला ते पूर्ण वितळावं लागत नाही. बर्फ शून्य अंशाच्या जवळ आला की न वितळताच मऊ पडतो. उणे दीड-दोन अंशांपासूनच भेगेची पकड कमी होऊ लागते. शिवाय बर्फ वितळला की भेगांतून पाणी खोल जातं. खडकातून उष्णता हळूहळू झिरपायला महिने किंवा वर्षं लागतात, पाणी मात्र ती थेट आत पोचवतं. भेगेत पाणी साचलं की त्याचा दाब खडकांना एकमेकांपासून दूर ढकलतो.

मग डोंगर रोज का कोसळत नाहीत? त्याला बर्फाचाच एक गुण कारणीभूत आहे. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात. तेवढ्या उष्णतेत तेच एक किलो पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापेल. त्यामुळे गोठलेला डोंगर उन्हाळ्याची पुष्कळ उष्णता पचवतो आणि तापमान शून्याजवळ रेंगाळतं. हे उधारीवर चालल्यासारखं आहे. वरून काही बदललेलं दिसत नाही, पण आतला साठा कमी होत असतो.

कांडरश्टेगच्याच वर, ओशिनेन सरोवराच्या कडेला श्पिट्झे श्टाय नावाचा सुळका आहे. तिथला एक कोटी घनमीटरहून अधिक खडक सरकतो आहे. त्यावर उपकरणांची सतत नजर आहे, काही वाटा २०१८पासून बंद आहेत, आणि खाली गावाच्या काही भागात नव्या बांधकामावर बंधनं आली आहेत. तुम्ही सकाळी जिथून बस पकडता, त्या गावातले लोक रोज हे मनात ठेवून जगतात.

लोचेनटाल आणि ब्लाटेन

खिंडीच्या पलीकडे उतरताना समोर बीचहॉर्न दिसतो, ३,९३४ मीटर उंच, एकटा आणि टोकदार. खाली लोन्झा नदीच्या काठाने फेर्डेन, किपेल, वीलर ही गावं ओळीने आहेत. लार्च लाकडाची घरं शेकडो वर्षांच्या उन्हाने काळी पडली आहेत. धान्याची कोठारं खांबांवर उभी आहेत आणि प्रत्येक खांबावर एक गोल, सपाट दगड आहे, उंदरांना वर चढता येऊ नये म्हणून. रेल्वे येईपर्यंत ही दरी हिवाळ्यात जगापासून जवळजवळ तुटलेली असायची. फेब्रुवारीत इथली माणसं लाकडात कोरलेले भीतिदायक मुखवटे आणि मेंढ्या-बकऱ्यांची कातडी घालून रस्त्यांवर फिरतात. किपेलच्या संग्रहालयात हे मुखवटे बघायला मिळतात, आणि आपल्या कोकणातल्या शिमग्याच्या सोंगांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

ओळीतलं चौथं गाव ब्लाटेन. लाउखर्नआल्पच्या वाटेवरून दरीच्या वरच्या अंगाला पाहिलं की हिरव्या दरीत एक करडा पंखा पसरलेला दिसतो. त्याच्याखाली ते गाव आहे.

घटनाक्रम असा. गावाच्या वर क्लाइनेस नेस्टहॉर्न हे सुमारे ३,३४० मीटरचं शिखर होतं आणि त्याच्या कुशीत बिर्ख नावाची छोटी हिमनदी. आजूबाजूच्या हिमनद्या आखडत असताना ही मात्र २०१९ नंतर उलट पुढे येत होती. वरून पडलेल्या दगडांनी ती झाकली गेली होती. दगडांमुळे ऊन लागत नव्हतं आणि वजन मात्र वाढत होतं. मे २०२५च्या मध्यावर शिखराचे तुकडे कोसळू लागले. १९ मे रोजी प्रशासनाने संपूर्ण गाव रिकामं केलं, गुरंढोरंसुद्धा हलवली. पुढच्या दिवसांत सुमारे ३० लाख घनमीटर दगड हिमनदीच्या पाठीवर येऊन पडला. आधी दिवसाला काही सेंटिमीटर सरकणारी हिमनदी अखेरीस दिवसाला दहा मीटरच्या आसपास सरकू लागली. २८ मेच्या दुपारी ती सगळी एकदम सुटली. सुमारे ९० लाख घनमीटर बर्फ आणि खडक हजार मीटरहून अधिक खाली आला. भूकंपमापकांवर त्याची नोंद ३.१ तीव्रतेच्या भूकंपासारखी झाली. गावाचा जवळजवळ ९० टक्के भाग गाडला गेला. ढिगाऱ्याने लोन्झा अडली आणि उरलेली बरीचशी घरं पाण्याखाली गेली. एका माणसाचा मृत्यू झाला.

याला थेट 'हवामानबदलाने गाव गाडलं' असं म्हणणं घाईचं ठरेल. डोंगर कोसळतात ते खडकाची रचना, उतार, पाणी, जुन्या भेगा अशा अनेक गोष्टी जुळून आल्यावर. पण गोठलेले खडक तापत आहेत हे स्वित्झर्लंडमधल्या बोअरवेलसारख्या खोल छिद्रांत ठेवलेल्या तापमापकांवरून दिसतं, आणि त्यातल्या एका ठिकाणी, कोरवाचवर, १९८७पासून मोजणी चालू आहे. हिमनद्यांचं तर विचारूच नका. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्विस हिमनद्यांचा सुमारे दहावा हिस्सा बर्फ गेला.

वेळ कशी कळते?

माझं रोजचं काम धातूंना भेगा कशा पडतात याचं आहे, त्यामुळे हा भाग मला घरचा वाटतो. धातूच्या कांबीवर सतत ताण ठेवला तर ती आधी हळूहळू वाढते, मग एका टप्प्यावर वाढण्याचा वेग चढत जातो आणि शेवटी ती तुटते. उतारही पुष्कळदा असाच वागतो. जपानी संशोधक फुकुझोनो यांनी १९८५ साली यावरून एक सोपी युक्ती मांडली. वेगाचा आलेख काढण्याऐवजी 'एक भागिले वेग' याचा आलेख काढायचा. वेग अनंताकडे जायला लागला की हा आकडा शून्याकडे येतो, आणि अनेकदा तो सरळ रेषेत येतो. रेषा पुढे वाढवून ती शून्याला कुठे मिळते ते पाहायचं.

समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. पहिल्या दिवशी वेग दिवसाला १ मीटर, म्हणजे त्याचा व्यस्त १. तिसऱ्या दिवशी वेग १.६७ मीटर, व्यस्त ०.६. पाचव्या दिवशी वेग ५ मीटर, व्यस्त ०.२. दर दोन दिवसांनी ०.४ कमी होतंय. म्हणजे सहाव्या दिवशी शून्य. नुसता वेग पाहिला तर तिसऱ्या दिवशी फार काही बिघडलंय असं वाटत नाही, पण रेषा तेव्हाच इशारा देत असते.

प्रत्यक्षात हे इतकं नीटस नसतं. उतार मधेच मंदावतो, तुकड्यातुकड्यांनी पडतो, पावसाने हिशेब बदलतो. ग्राउब्युंडेन प्रांतातलं ब्रिएंझ गाव मे २०२३मध्ये रिकामं केलं, जूनमध्ये दरड आली आणि गावाच्या वेशीवर थांबली. नोव्हेंबर २०२४मध्ये लोकांना पुन्हा घरं सोडावी लागली. अंदाज देणाऱ्यावर लोक चिडतात ते अशा वेळी. पण हा हिशेब मांडायला मोजमाप लागतं, आणि आधी ते नव्हतं. गास्टर्नटालच्या पलीकडच्या अंगाला असलेल्या आल्टेल्स पर्वतावरचा बर्फ ११ सप्टेंबर १८९५ रोजी तुटून खालच्या कुरणावर आला, तेव्हा ६ माणसं आणि दीडशेहून अधिक गुरं मेली. ३० ऑगस्ट १९६५ रोजी माटमार्क धरणाच्या कामावर आलालिन हिमनदीचा तुकडा कोसळला, ८८ कामगार गेले. २०१७ साली वाइसमिएस शिखरावरच्या ट्रिफ्ट हिमनदीचा वेग रडारवर वाढताना दिसला, खालच्या झास-ग्रुंडमधल्या दोनशेहून अधिक लोकांना हलवलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बर्फ पडला. कुणालाही इजा झाली नाही.

या उदाहरणांत रडार मोठा वाटतो, पण तो एकटा पुरत नाही. ब्लाटेनमध्ये डोंगराकडे नियमित पाहणारी माणसं होती, त्यांचं म्हणणं ऐकणारं प्रशासन होतं, आणि 'घर सोडा' म्हटल्यावर सोडणारे गावकरी होते. यातली एक कडी तुटली असती तरी आकडे वेगळे असते.

आपल्या डोंगरांकडे

७ फेब्रुवारी २०२१ रोजी उत्तराखंडात चमोलीमध्ये रोंटी शिखराचा सुमारे २.७ कोटी घनमीटर खडक आणि बर्फ कोसळला. दोनशेहून अधिक माणसं गेली किंवा बेपत्ता झाली, त्यांत जलविद्युत प्रकल्पांवरचे कितीतरी कामगार होते. नंतर जुन्या उपग्रह प्रतिमा तपासल्या, तेव्हा त्या उतारावरची फट आधीच्या काही वर्षांत रुंदावत असल्याचं दिसलं. खूण होती, पण त्या उतारावर कुणाची नजर नव्हती.

सह्याद्रीतलं दुखणं वेगळं आहे. माळीण (३० जुलै २०१४), तळिये (२२ जुलै २०२१), इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) इथे बर्फाचा संबंध नाही. मुसळधार पावसात मुरलेलं पाणी मातीची पकड सोडवतं आणि उतार कमी वेळात सुटतो. दिवसेंदिवस वेग मोजत बसायला तिथे सवड मिळेलच असं नाही. तिथे लक्ष ठेवायचं ते पावसावर, जमिनीतल्या ओलाव्यावर आणि उतारावर नव्याने पडलेल्या भेगांवर. पद्धत वेगळी असली तरी कड्या त्याच लागतात: पाहणारं कुणी, ऐकणारं कुणी, आणि वेळेवर उठून जायला जागा. ती जागा आधी तयार नसेल, तर रात्री अकरा वाजता धो धो पावसात कुणी घर सोडत नाही.

जाणार असाल तर

जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंतचा काळ योग्य. सेल्डेनच्या बसला जागा थोड्या असतात, त्यामुळे आधी आरक्षण करावं. निघण्यापूर्वी वाट खुली आहे का, ते कांडरश्टेग आणि लोचेनटाल या दोन्ही ठिकाणच्या पर्यटन कार्यालयांच्या सूचनांवर पाहावं. 'वाट बंद' ही पाटी इथे उगीच लावलेली नसते, तिच्यामागे कुणाचं तरी मोजमाप असतं. खिंडीत झोपडीवजा हॉटेल आहे, तिथे चहा-सूप मिळतं आणि आधी कळवल्यास मुक्कामही करता येतो. दुपारी वीज कडाडण्याची शक्यता असेल तर सकाळी लवकर निघा. परतीला लाउखर्नआल्पहून रोपवेने वीलर, तिथून बसने गॉपनश्टाइन, आणि तिथून रेल्वे.

बसच्या वेळेला थोडा अवकाश असेल तर वीलरमध्ये थांबा. ब्लाटेनच्या लोकांनी आपलं गाव पुन्हा उभारायचं ठरवलं आहे आणि काम सुरू आहे. पैसे खर्च करायचेच असतील तर कॉफी आणि केक या दरीतच खा.